'होमली' मुलीच्या आईचं पत्र

पत्र असं आहे:

"माझी मुलगी एकोणतीस वर्षांची. पुण्यात नोकरी करते, महिन्यातले दोन रविवार कुठल्यातरी गडावर असते, आणि मी डबे चालवत असूनही तिला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत. तिचा लग्नाचा बायोडेटा मी इंग्रजीत केला आणि सगळे लिहितात तसं 'होमली' लिहिलं. न्यू जर्सीत जन्मलेल्या एका मराठी मुलाचं स्थळ आलं. व्हिडिओ कॉलवर त्यानं हसत विचारलं, 'तुझी आई तुला होमली का म्हणते?' अमेरिकेत म्हणे त्याचा अर्थ दिसायला बेताची. मुलीनं कॉल बंद केला आणि माझ्यावर भडकली. म्हणाली, 'आई, मी कुठल्याच अर्थानं होमली नाहीये.' पंधरा दिवस झाले, जेवढ्यास तेवढं बोलते. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली बाई. शब्द चुकला का माझा? मुलाच्या आईला फोन करून माफी मागू का? आणि आमच्या डब्यांच्या पाटीवर चौदा वर्षं 'होमली फूड' लिहिलंय, ती बदलू का? – एक आई, सांगली"

ताई, नमस्कार.

माफीचा आणि पाटीचा प्रश्न सोपा आहे, तो शेवटी घेऊ. बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्या बाईला 'शब्द चुकला का' हे विचारताना काय वाटलं असेल याची मला कल्पना आहे, म्हणून ते आधी सांगून टाकते: शब्द चुकलेला नाही. चुकलंय ते वेगळंच. त्याच्याकडे येतेच, पण आधी या शब्दाची कुंडली मांडू द्या. बायोडेटाचा विषय आहे, तर शब्दाचाही बायोडेटा हवाच.

होम आणि त्याला जोडलेलं 'ली'. हे 'ली' जुन्या इंग्रजीत 'लिक' होतं, देह किंवा आकार या अर्थाच्या शब्दापासून आलेलं. 'सारखा' या अर्थाचा 'लाइक' त्याच घराण्यातला. फ्रेंडली म्हणजे मित्रासारखा, तसं होमली म्हणजे घरासारखं. आपल्या 'घरगुती'ची ही लांबची बहीणच. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत हा शब्द भेटतो तेव्हा त्याला कसलाही डाग नाही. घरच्या माणसाशी असते तशी सलगी, तसा मोकळेपणा, असा त्याचा अर्थ होता.

तो अर्थ बघायचा तर इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या जुलियनकडे जावं. चर्चच्या भिंतीला लागून असलेल्या एका खोलीत स्वतःला कायमचं कोंडून घेऊन राहिलेली ही साध्वी. मे १३७३मध्ये, तीस वर्षांची असताना, ती मरणाच्या दारात होती आणि त्या आजारात तिला सोळा दर्शनं झाली. ती बरी झाली आणि तिनं ती लिहून ठेवली. इंग्रजीत बाईनं लिहिलेलं, आज हाती असलेलं हे सर्वांत जुनं पुस्तक. त्यात देवाचं प्रेम कसं आहे हे सांगताना ती पुन्हा पुन्हा जो शब्द वापरते तो म्हणजे होमली. सिंहासनावरचा देव नव्हे, चुलीपाशी येऊन बसणारा. आपल्याला हे समजायला टीप लागत नाही. जनाबाईच्या जात्याचा खुंटा धरून दळू लागणारा विठोबा आठवला की झालं. तो पूर्णपणे होमली देव आहे.

पण जुलियनबाई पुढे बजावतातही, की या सलगीत इतकं वाहून जाऊ नका की अदब सुटेल. होमलीपणाबरोबर तिनं नेहमी अदब ठेवलीय. तुमच्या न्यू जर्सीच्या चिरंजीवांनी पहिल्याच कॉलवर नेमकी ती सोडली, असं आपलं मला वाटतं. असो.

मग देवाच्या प्रेमाला लावलेला शब्द चेहऱ्यावर कसा घसरला? त्यासाठी शब्दकोश उघडायची गरज नाही. दुपारी अडीचची वेळ डोळ्यांपुढे आणा. अंगात विटका गाऊन, केसांना रबरबँड, हाताला पीठ. बेल वाजते. दाराबाहेर कुरियरवाला की व्याही, माहीत नाही. दाराशी जाता जाता खुंटीवरची ओढणी आधी खांद्यावर येते, मग कडी निघते. त्या कडीच्या आत आपण जसे असतो ते होमली. ज्यात नटणं नाही, दाखवणं नाही. आता बाहेरच्या माणसाच्या नजरेनं तेच बघा: साधं, मग ओबडधोबड, मग 'काही खास नाही'. शब्दानं घर सोडलंच नाही, बघणारा बदलला.

आपल्या 'घरगुती'चंही हेच आहे की. घरगुती जेवण म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं, घरगुती उपाय म्हटलं की आजी आठवते. पण 'कार्यक्रम घरगुतीच होता' म्हणजे फार कोणाला बोलावलं नाही, थाटमाट नव्हता. आणि 'घरगुती कपड्यांवरच आले' हे माफी मागण्याच्या सुरातच म्हणतात. (या शब्दाचं आजचं खणखणीत रूप गॅसच्या सिलिंडरवर आहे: घरगुती १४.२ किलो, व्यावसायिक १९ किलो. तुमच्या डब्यांना कोणता लागतो ते मी विचारत नाही.) 'घरगुती' चेहऱ्यापर्यंत गेला नाही एवढंच. त्या कामाला आपल्याकडे 'नाकीडोळी नीटस' आणि 'तशी बरी आहे' आहेतच.

इंग्रजीत मात्र तो चेहऱ्यापर्यंत गेला, आणि शेक्सपिअरच्या काळापर्यंत पोचलाही होता. त्याच्या एका नाटकाच्या अगदी पहिल्याच प्रसंगात प्रवासाला निघालेला तरुण मित्राला सुनावतो, की घरी बसणाऱ्या पोरांची अक्कलही होमलीच राहते. म्हणजे आपलं 'केल्याने देशाटन', फक्त उलट्या बाजूनं. दुसऱ्या एका नाटकात नवऱ्यानं दुर्लक्ष केलेली बायको विचारते, या होमली वयानं माझ्या गालावरचं रूप नेलं का? इथे शब्द सरळ रूपाशी येऊन टेकला.

पण मला सगळ्यांत आवडतो तो इंग्रज कवी मिल्टनच्या नाटकातला प्रसंग, आणि तो तुमच्या मुलीला जरूर सांगा. २९ सप्टेंबर १६३४ला इंग्लंडमधल्या लडलोच्या किल्ल्यात त्याचं 'कोमस' हे संगीत-नाट्य झालं. एक तरुण मुलगी रात्रीच्या जंगलात भावांपासून चुकते आणि कोमस नावाच्या मायावी जादूगाराच्या हाती सापडते. तो तिला एका खुर्चीत जखडून ठेवतो, पेला पुढे करतो आणि गोड गोड बोलत राहतो. त्याचं म्हणणं असं: रूप हे निसर्गाचं नाणं आहे, ते साठवायचं नसतं, दरबारात, मेजवान्यांत मिरवायचं असतं. घरी बसायचं ते होमली चेहऱ्यांनी. त्यांचं नावच मुळी त्यावरून पडलंय. राठ कातडीच्या बायकांनी कशिदा काढावा, लोकर पिंजावी.

व्युत्पत्ती म्हणून हे बरोबर उलटं आहे. आधी घर, मग साधेपणा, मग चेहरा, असा शब्दाचा प्रवास झाला. कोमस सांगतो की आधी वाईट चेहरा, म्हणून घर. पण या चार ओळींत मला एक गोष्ट लख्ख दिसते. घरातल्या कामाला आणि बाईच्या रूपाला एकाच शब्दात बांधून ठेवायची खोड कोणाची, तर त्या नाटकातल्या खलनायकाची. आणि ती मुलगी त्याला ठणकावून नाही म्हणते, तेही जागची हलता येत नसताना. तुमच्या मुलीनं कॉल बंद करायला एक बोट पुरलं. काळ सुधारलाय.

पुढचं झरझर सांगते. १७५५च्या डॉ. जॉन्सनच्या कोशात होमली म्हणजे साधं, घरी विणलेल्या कापडासारखं, ऐटदार नव्हे, सुंदर नव्हे, जाडंभरडं. अमेरिकेत नोहा वेब्स्टरचा कोश १८२८ला आला आणि त्यानं चेहऱ्याचा अर्थ चक्क पहिल्या क्रमांकावर घेतला, कपडा, घर आणि जेवण दुसऱ्यावर. मात्र पहिल्या अर्थापाशी त्यानं एक छोटं वाक्य जोडलंय: हा शब्द 'कुरूप'पेक्षा कमी बोलतो. कोशकारानं असं हळूच मधे पडावं हे मला फार आवडतं. मुलगी बघून आल्यावर घरातली एखादी मावशी म्हणते ना, 'तसं नाही गं म्हणत मी', तो सूर.

आणि अमेरिकेत तो पुरुषांनाही लागतो. १८६२मध्ये हॉथॉर्न हा कादंबरीकार अब्राहम लिंकनला भेटून आला आणि लिहून बसला, की मी पाहिलेला बहुधा सर्वांत होमली माणूस, तरी तिटकारा येईल असं त्याच्यात काही नाही. छापणाऱ्या मासिकानं राष्ट्राध्यक्षाच्या रूपाचं ते वर्णन त्या वेळी गाळलं. तेव्हा तुमच्या मुलीला अमेरिकी अर्थाचा राग असेल तर सांगा, त्या यादीत लिंकन आहे.

इंग्लंडमध्ये मात्र आजही होमली म्हणजे उबदार, आपलेपणाचं. टॉल्किनच्या १९३७च्या 'हॉबिट' या कादंबरीत प्रवासी थकूनभागून ज्या घरी पोचतात ते 'शेवटचं होमली घर' आहे, आणि तिथून पाय निघत नाही असं ते घर आहे. अमेरिकेला त्या अर्थासाठी 'होमी' असा वेगळा शब्द ठेवावा लागला. मग तुमच्या भावी जावयाला – किंवा न होणाऱ्या, ते तिचं ती बघेल – फक्त एकच अर्थ माहीत असला तर नवल नाही. आपल्याकडेही नागपूरला हिंदी शाळेची 'शिक्षा विभाग' ही पाटी बघून मराठी पोरांच्या पोटात गोळा येऊ शकतो. शब्द तोच, एका भाषेत शिकवणं, दुसरीत छडी.

जर्मनीत तर या शब्दाच्या सख्ख्या भावानं भलतीच वाट धरली. 'हाइम' म्हणजे घर, त्यावरून 'हाइमलिश'. पण घरातलं ते बाहेर काढायचं नाही, म्हणून त्याचा अर्थ आज गुपचूप, चोरून. स्वीडिश 'हेमलिग' म्हणजेही गुप्त. घरात चार भिंती असतात, त्यांतली ऊब एकानं घेतली, आडोसा दुसऱ्यानं.

आता आपल्याकडचं होमली. याबाबत मी थोडी हक्कानं बोलू शकते, कारण या सदरात यायच्या आधी सात वर्षं मी एका वर्तमानपत्राच्या जाहिरात खिडकीवर बसले आहे. 'वधू पाहिजे'चा मजकूर घेऊन लोक येत. पैसे शब्दांवर. खिडकीच्या लाकडी फळीवर कागद ठेवून, पेन्सिलीचं टोक एकेका शब्दावर टेकवत माणसं मोजत. 'घरकामात निपुण' म्हणजे दोन शब्द, 'गृहकृत्यदक्ष' म्हणजे एक. त्यामुळे गृहकृत्यदक्षची चलती होती. एक गृहस्थ तर 'सुंदरसुशीलगृहकृत्यदक्ष' असं सलग लिहून आणायचे आणि मी तीन शब्द धरले की म्हणायचे, 'मॅडम, समास आहे तो.' इंग्रजी जाहिरातीत हीच काटकसर होमलीनं केली. सहा अक्षरांत स्वयंपाक, सासू-सासरे, साडी, संध्याकाळी सातच्या आत घरात, सगळं आलं.

त्या सात वर्षांत 'होमली हवी' आणि 'होमली आहे' हे मी शेकड्यांनी लिहून घेतलं. मुलासाठी कोणी होमली लिहून दिल्याचं एकदाही आठवत नाही. घरी रमणाऱ्या मुलाला आपण घरकोंबडा म्हणतो. गुण तोच, पण मुलाचा तो फोटोसारखा पाकिटात घालून कोणी पाठवत नाही.

आता तुमच्या पत्राकडे येते. मी ते तीनदा वाचलं. तुम्ही न्यू जर्सीच्या अर्थावर एवढं लिहिलंत, पण मुलीचं जे वाक्य तुम्हीच लिहून पाठवलंत त्याच्यावरून तुम्ही तशाच पुढे गेलात. 'मी कुठल्याच अर्थानं होमली नाहीये.' कुठल्याच, ताई. म्हणजे अमेरिकी अर्थानं नाही, ते ठीक. आरशात तिला दिसतंच. पण सांगलीच्या अर्थानंही नाही, हे ती तुम्हाला सांगत होती. त्या मुलानं विनोद केला नसता तरी ही ठिणगी कधीतरी पडलीच असती. तो फक्त काडी घेऊन मधे आला.

आणि तिचं खरं आहे. महिन्यातून दोनदा गडावर जाणारी, शिट्ट्या न मोजणारी मुलगी, हे वर्णन तुमचंच. इतकं लोभस वर्णन पत्रात करणारी आई बायोडेटात मात्र 'होमली' लिहिते. म्हणून म्हटलं, शब्द चुकलेला नाही. शब्द आपल्या इंग्रजीत अगदी चालतो. फक्त तो खरा नाही. तुम्हाला तो खोटा वाटला नाही, कारण सगळे लिहितात, आणि सगळे लिहितात ते आपण वाचतच नाही, नुसतं उतरवतो. तिनं वाचला.

तिला 'मला अमेरिकेतला अर्थ माहीत नव्हता गं' असं सांगायला जाऊ नका. तिला ते माहीत आहे, आणि त्यानं भांडण पुन्हा चुकीच्या खुंटीवर अडकेल. बायोडेटाची फाइल तिच्याकडे पाठवा आणि म्हणा, तो शब्द काढलाय, तिथे काय लिहायचं ते तूच लिही. आणि ती लिहील ते तसंच राहू द्या. 'स्वयंपाक येत नाही' असं लिहिलं तरी. विशेषतः तसं लिहिलं तर. होमलीच्या जागी 'मॉडर्न' किंवा 'स्मार्ट' घालायचा मोह होईल, तो आवरा. ते शब्दही खिडकीवरचेच आहेत, त्यांनाही शब्दाला तेवढेच पैसे पडतात. विशेषणाऐवजी एखादी घडलेली गोष्ट बरी. गेल्या पावसात ती कुठल्या गडावर भिजली हे एका ओळीत आलं, की वाचणाऱ्याला मुलगी दिसते.

ती पंधरा दिवस जेवढ्यास तेवढं बोलतेय म्हणता, म्हणजे बोलतेय. रविवारी ती गडावरून परतली की काय खायला मागते ते तुम्हाला माहीत असणार. ते करा, आणि त्या दिवशी बायोडेटाचं नाव काढू नका. मिल्टनचा जादूगार मात्र पोह्यांबरोबर खपून जाईल.

मुलाच्या आईला फोन नको. माफी कशाची मागणार? त्या बाईंना आपल्याकडचा होमली ठाऊक असणारच. त्यांच्या स्वतःच्या बायोडेटावरही कदाचित तोच असेल. तुम्ही फोन केलात तर दोन आया मिळून मुलांच्या एका वाईट विनोदाचं प्रकरण करतील. त्या मुलाशी पुन्हा बोलायचं की नाही हे तुमच्या मुलीवर सोडा. बोलली तर तो काय म्हणतो ते तिला कळेल. चूक लक्षात आल्यावर माणूस काय करतो हे लग्नाआधी बघायला मिळालं तर ती संधीच म्हणायची.

राहिली पाटी. ती बदलू नका. वेब्स्टरच्या त्याच नोंदीत, चेहऱ्याच्या खालच्या ओळीत, होमली जेवणही आहे: साधं, रोजचं, घरात खातात तसं. तुमच्या डब्यात तेच असतं, आणि सांगलीत चौदा वर्षांत एकाही माणसानं पाटी वाचून 'भाजी दिसायला बेताची आहे का' असं विचारलेलं नसणार. शिवाय ती पाटी खरी आहे. रंग उडाला असेल तर तेवढा मारून घ्या.